दाबाचा काटा आणि वजनाचा काटा

विज्ञानलेखनाचे परीक्षण करायचे म्हटले की आपल्यासमोर पाठ्यपुस्तके येतात, विज्ञानकथा येतात, फार तर एखादा कोश येतो. पण शाळा सुटल्यानंतर सर्वसाधारण माणूस जे विज्ञान वाचतो ते खताच्या पोत्यावर, औषधाच्या वेष्टनावर आणि यंत्राबरोबर आलेल्या सूचनापत्रकात. हे लेखन कोणी परीक्षणाला घेत नाही. तरी माणसे त्याच्यावर विश्वास ठेवून हाताने काहीतरी करतात, म्हणून त्यातली चूक पुस्तकातल्या चुकीपेक्षा लवकर बाधते.

या लेखात आम्ही अशाच एका लेखनप्रकाराचे परीक्षण करणार आहोत. गाडीच्या वातानुकूलन यंत्रात, म्हणजे एसीत, घरच्या घरी गॅस भरण्यासाठी छोटे डबे मिळतात. सोबत एक नळी आणि रंगीत पट्टे असलेला दाबमापक असतो, आणि त्याबरोबर सूचना असतात. निरनिराळ्या उत्पादकांच्या सूचनांत शब्द वेगळे असले तरी सांगाडा एकच असतो. आम्हाला त्या सांगाड्याविषयी बोलायचे आहे, कोणा एका उत्पादकाविषयी नाही.

हा विषय शिक्षकांचा कसा, अशी शंका येईल. उदाहरणासाठी भिवंडी तालुक्यातले कोन घेऊ. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून खाडीपलीकडे गेले की हे गाव लागते. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारा-येणारा माल या परिसरातल्या रस्त्यांवरून धावतो. अशा गावातल्या शाळेत ज्यांच्या घरी कोणी ट्रक चालवतो, टेम्पो बाळगतो किंवा गॅरेजात काम करतो अशी मुले असणारच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये एसी बसवणे बंधनकारक झाले आहे. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या केबिनमध्ये दिवस काढणाऱ्या चालकाला एसी म्हणजे चैन नव्हे, हे त्यामागचे तत्त्व योग्यच आहे. पण एसी आला की त्याची दुरुस्तीही आली. एसी थंड करीनासा झाला, गॅरेजचा खर्च झेपेनासा वाटला की हा डबा हातात येतो. त्या वेळी डब्यावरच्या सूचना वाचणारा माणूस आपला जुना विद्यार्थी असतो.

सूचनांत काय असते?

साधारण क्रम असा असतो. इंजिन सुरू करा, एसी पूर्ण थंडावर आणि पंखा जोरात ठेवा. कमी दाबाच्या बाजूचे तोंड शोधा, त्यावर नळी बसवा. काटा कोणत्या रंगाच्या पट्ट्यात आहे ते पाहा. तो खालच्या पट्ट्यात असेल तर गॅस कमी आहे. काटा हिरव्या पट्ट्यात येईपर्यंत डबा हलवत भरत राहा. काटा तांबड्यात गेला तर भरणे थांबवा.

या सूचनांतले चांगले आधी सांगितले पाहिजे. जास्त दाबाच्या बाजूला डबा कधीही जोडू नका, असे त्या बजावतात. नळीची जोडणीही सहसा फक्त कमी दाबाच्या तोंडावर बसेल अशीच असते. डोळ्यांना चष्मा लावा, हातमोजे घाला, हेही सांगितलेले असते. आर-१३४ए हा वायू साध्या वातावरणीय दाबाला उणे २६ अंश सेल्सियसला उकळतो. त्याचा द्रव त्वचेवर उडाला तर त्वचा गोठते, म्हणून हा इशारा अनाठायी नाही. भाषा सोपी, वाक्ये छोटी, क्रम स्पष्ट. सूचनालेखनाचे हे गुण आपल्या प्रयोगवहीतही क्वचितच आढळतात.

दोष आहे तो सूचनांखाली दडलेल्या तीन गृहीतकांत. पहिले, गॅस वापरून संपतो. दुसरे, दाब म्हणजे गॅसचे प्रमाण. तिसरे, थंडावा कमी म्हणजे गॅस कमी. तिन्ही गृहीतके चूक आहेत. ती का चूक आहेत हे सांगायला दहावीपर्यंतचे विज्ञान पुरते, म्हणून हा विषय या मासिकात घेतला आहे.

‘गॅस संपला’

हा शब्दप्रयोग आपल्या स्वयंपाकघरातून आला आहे. सिलिंडरमधला गॅस जळतो, त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते, आणि तो खरोखर संपतो. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर वायूला दाबतो. दाबलेला, तापलेला वायू गाडीच्या नाकाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो. हा द्रव ड्रायरमधून एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक छिद्राशी येतो. पलीकडे दाब कमी असतो, म्हणून तो तेथे उकळू लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून घेतो. गॅरेजमध्ये ज्याला कूलिंग कॉइल म्हणतात, तिच्यात हे उकळणे चालते. वायू पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो. पाठ्यपुस्तकात याच पदार्थाला प्रशीतक म्हटले जाते. गॅरेजातला गॅस आणि पुस्तकातला प्रशीतक एकच, हे पुष्कळ मुलांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा प्रशीतक कमी झाला असेल तर तो कोठूनतरी गळला आहे. रबरी नळ्या आणि सांध्यांतून वर्षानुवर्षे किंचित झिरप होते, हे खरे. पण मागच्या उन्हाळ्यात भरला आणि या उन्हाळ्यात पुन्हा संपला, असे झाले तर ते गळतीचे लक्षण आहे. गळती न शोधता भरणे म्हणजे तळाला भोक असलेल्या हंड्यात पाणी ओतणे. सूचनांचे पहिले वाक्य ‘गळती शोधा’ हे असायला हवे. ते नसते, कारण डबा विकणाऱ्याच्या दृष्टीने हंडा रिकामा होत राहणे वाईट नाही.

काही डब्यांत गळती बुजवणारे द्रव्यही मिसळलेले असते. ओलाव्याशी गाठ पडली की ते घट्ट होते. यंत्रणेत ओलावा शिरलेला असेल तर ते भलत्या जागी, म्हणजे वॉल्व्हच्या छिद्रातही, घट्ट होऊ शकते. गॅरेजमध्ये जुना वायू काढून घेणाऱ्या यंत्रातही ते जाऊन बसते.

दाब म्हणजे प्रमाण नव्हे

दुसरे गृहीतक अधिक महत्त्वाचे आहे, कारण ते पटण्यासारखे वाटते. सायकलच्या चाकात जितकी हवा भराल तितका दाब वाढतो. मग एसीतही तसेच असणार! पण चाकात फक्त वायू असतो. एसीत द्रव आणि त्याची वाफ एकत्र नांदतात, आणि जेथे द्रव व वाफ समतोलात असतात तेथील दाब केवळ तापमानावर ठरतो. द्रव किती आहे यावर तो ठरत नाही. थोडी वाफ काढून घेतली तर तितकाच द्रव उकळून ती जागा भरून काढतो, आणि तापमान पूर्ववत झाले की दाबही पूर्ववत होतो. हाच संपृक्त बाष्पदाब.

याचे घरगुती उदाहरण म्हणजे पारदर्शक गॅस लायटर. आतला द्रव बाहेरून दिसतो. लायटर भरलेला असो की पाव उरलेला, खोलीचे तापमान तेच असेल तर आतला दाब जवळपास तोच असतो. म्हणून शेवटचा थेंब असेपर्यंत ज्योत तेवढीच निघते. स्वयंपाकाच्या सिलिंडरचेही तेच. तो मिश्र वायूंचा असल्याने दाबात थोडा फरक पडतो, पण सिलिंडर भरला आहे की नाही हे कोणी दाबमापक लावून ठरवत नाही. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावर लिहिलेले असते, आत १४.२ किलो गॅस असायला हवा, आणि शंका आली तर सिलिंडर काट्यावर ठेवतात. जी गोष्ट आपल्या स्वयंपाकघराला कळली आहे, ती डब्यावरच्या सूचनांना कळू नये याचे नवल वाटते.

आर-१३४ए चे आकडे पाहू. गॅरेजमधले दाबमापक पीएसआयमध्ये असतात आणि वातावरणाच्या दाबापेक्षा किती जास्त ते दाखवतात. या मापाने द्रव आणि वाफ समतोलात असताना २५ अंश सेल्सियसला दाब सुमारे ८२ असतो, ३० अंशांना ९७, ३५ अंशांना ११४ आणि ४० अंशांना १३३. आता गाडी रात्रभर उभी आहे, कॉम्प्रेसर बंद आहे आणि सगळीकडे तापमान ३० अंश आहे असे समजा. काटा ९७ दाखवतो. याचा अर्थ एवढाच की यंत्रणेत थोडा तरी द्रव आहे. तो शंभर ग्रॅम आहे की सहाशे, हे काटा सांगू शकत नाही. काटा ९७च्या बराच खाली असेल तर मात्र द्रव उरलेलाच नाही, म्हणजे मोठी गळती आहे. तो ९७च्या बराच वर असेल तर बहुधा आत हवा शिरली आहे, कारण हवेचा दाब वाफेच्या दाबात मिळवला जातो. डाल्टनचा नियम येथे कामाला येतो. इतकी माहिती देणारी ही साधी तपासणी सूचनांत नसते.

कॉम्प्रेसर चालू असताना कूलिंग कॉइलचे तापमान ३ अंशांच्या आसपास असेल तर कमी बाजूचा दाब ३३च्या जवळ असतो. हिरवा पट्टा याच सुमाराला रंगवलेला असतो. पण बाहेरची उष्णता, आर्द्रता, इंजिनाचे फेरे आणि आतल्या पंख्याचा जोर यांनुसार हा दाब वर-खाली होतो. खाडीकाठच्या दमट दुपारी आणि माघातल्या कोरड्या सकाळी एकाच गाडीचा, तेवढ्याच भरणीचा काटा वेगवेगळ्या जागी थांबेल.

एक नेहमीचा गोंधळ येथे सांगितला पाहिजे. कॉम्प्रेसरचा क्लच लागलाच नाही, मग फ्यूज उडाल्यामुळे असो की प्रशीतक फारच कमी झाल्याने सुरक्षा स्विचने तो तोडल्यामुळे, तर दोन्ही बाजूंचा दाब एकच होतो. यंत्रणेत थोडासा द्रव उरला असेल तर तीस अंशांच्या दिवशी काटा ९७वर, म्हणजे थेट तांबड्या पट्ट्यात जातो. वाचणारा म्हणतो, “गॅस जास्त झाला!” आणि तो सोडून देतो. प्रत्यक्षात कॉम्प्रेसर फिरतच नव्हता.

डबा भरताना थंड पडतो आणि भरणे मंदावते, हाही त्याच नियमाचा खेळ आहे. आतला द्रव उकळताना स्वतःचीच उष्णता वापरतो. डबा १० अंशांवर आला की त्याचा दाब ४५ पीएसआयच्या जवळ येतो, आणि पलीकडचा दाबही तेवढ्याच घरात असला की प्रवाह थांबतो. मग कोणी डबा गरम पाण्यात धरतो. साठ अंशांना हाच दाब सुमारे २२९ होतो! उन्हात बंद ठेवलेल्या केबिनच्या डॅशबोर्डवर डबा विसरणेही त्याच कारणाने धोक्याचे आहे.

उलटे विधान

तिसरे गृहीतक तर्काचे आहे. पाऊस पडला की अंगण भिजते. पण अंगण भिजले म्हणून पाऊसच पडला असे नाही, कोणी सडाही टाकला असेल. गॅस कमी झाला की थंडावा कमी होतो हे खरे. पण थंडावा कमी झाला म्हणून गॅसच कमी आहे असे ठरत नाही. गणिताच्या तासाला आपण विधान आणि त्याचा व्यत्यास यांतला फरक शिकवतो. तो फरक येथे हजारो रुपयांचा आहे.

कोन-भिवंडीच्या रस्त्यांवरची धूळ आणि यंत्रमागांच्या परिसरातले कापसाचे बारीक तंतू कंडेन्सरच्या पात्यांत अडकले तर उष्णता बाहेर जात नाही. कंडेन्सरचा पंखा बंद पडला तरी तेच होते. गाडी धावताना थंडावा मिळतो आणि वाहतूक कोंडीत उभी राहिली की नाहीसा होतो. केबिनची जाळी तुंबली तर हवाच कमी येते. पट्टा सैल असेल तर कॉम्प्रेसर नीट फिरत नाही. गरम-थंड हवेची झडप अडकली तर थंड हवेत गरम हवा मिसळते. यांपैकी एकाही दोषावर डबा हा उपाय नाही. उलट कंडेन्सर तुंबलेला असताना आणखी गॅस भरला तर जास्त दाबाच्या बाजूचा दाब आणखी चढतो. अति भरणीने द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचू शकतो, आणि द्रव दाबला जात नसल्याने कॉम्प्रेसरच्या झडपा मोडतात.

म्हणून जाणकार कारागीर दोन काटे लावतो, कमी बाजूचा आणि जास्त बाजूचा. दोन्ही दाब कमी असतील तर गळतीचा संशय. कमी बाजूचा जास्त आणि जास्त बाजूचा कमी असेल तर कॉम्प्रेसर दमलेला. दोन्ही जास्त असतील तर अति भरणी, आत शिरलेली हवा किंवा कंडेन्सरची तक्रार. कमी बाजू शून्याच्याही खाली ओढली जात असेल तर मार्ग कोठेतरी तुंबलेला. डब्याबरोबर एकच काटा मिळतो. एका समीकरणात दोन अज्ञाते सोडवण्याचा हा प्रकार आहे.

आणखी एक वस्तू सूचनांत नसते, ती म्हणजे निर्वात पंप. यंत्रणा उघडली की हवा आणि बाष्प आत जातात. हवा कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, नुसती जागा अडवते. बाष्प एक्स्पान्शन वॉल्व्हच्या छिद्राशी गोठून बर्फाचा खडा बनवते. मग एसी थोडा वेळ थंड करतो, थांबतो, पुन्हा थंड करतो. म्हणून भरणीआधी पंप लावून आतला दाब उतरवतात. तीस अंशांना पाणी उकळायचे तर दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरपर्यंत खाली यावा लागतो. वातावरणाचा दाब ७६० असतो. पंप यंत्रणेतले पाणी तीस अंशांनाच उकळून बाहेर काढतो. त्यानंतर, गाडीच्या बॉनेटखालच्या पट्टीवर जितके ग्रॅम लिहिले असतील तितका प्रशीतक काट्यावर तोलून भरतात. हीच खरी पद्धत. भिवंडीला मालाचा ट्रक वजनकाट्यावर चढवल्याशिवाय कोणी माल किती ते मान्य करत नाही. मग त्याच ट्रकच्या एसीत माल भरताना वजन का विसरावे?

हवेत काय जाते?

या साऱ्याला एक सार्वजनिक बाजू आहे. गाड्यांच्या एसीत पूर्वी आर-१२ असे. अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास हा प्रशीतक पुढे आणला. तो विषारी नव्हता, पेटत नव्हता. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवले की अशा रेणूंतला क्लोरीन वर जाऊन ओझोनचा नाश करतो. १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला. नंतर आलेल्या आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, म्हणून ओझोनचा प्रश्न मिटला. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो हवेला १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापवतो. ४५० ग्रॅमचा एक डबा गळून गेला तर तो सुमारे ६४३ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा होतो. सुमारे २४० लिटर डिझेल जाळल्यावर तेवढा वायू निघतो. गळक्या यंत्रणेत दरवर्षी एक डबा ओतणाऱ्याला हे कोणी सांगितलेले नसते.

जगाने यावर काही पावले उचलली आहेत. कॅलिफोर्नियाने २०१० पासून अशा छोट्या डब्यांना आपोआप बंद होणारी झडप सक्तीची केली आणि रिकामा डबा परत आणावा म्हणून अनामत रक्कम ठेवली. किगाली येथे २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने या वर्गातले वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. भारताने तिला २०२१ साली मान्यता दिली असून आपली कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. आराखड्याने तंत्रज्ञ डोळ्यांसमोर ठेवला. डबा घेऊन स्वतः बॉनेट उघडणाऱ्याला मात्र शाळेत जे मिळाले तेवढेच.

नावाप्रमाणे आत तोच वायू असेल याचीही खात्री नसते. २०११ साली जहाजांवरच्या शीतकंटेनरांत आर-१३४ए म्हणून भेसळीचा वायू भरला गेला. त्यात मिथिल क्लोराइड होते. त्याची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हवेत आपोआप पेटणारे संयुग तयार झाले, आणि स्फोटांत कामगारांचे बळी गेले. स्वस्त डबा घेताना ही घटना आठवावी.

आपल्या बाजूचा दोष

येथवरची टीका डब्यावरच्या लेखनावर झाली. पण ज्याने दहावीपर्यंत विज्ञान शिकले त्याला हे लेखन पटते कसे? या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडेच शोधावे लागेल.

२०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात ‘उष्णता’ या पाठात अप्रकट उष्मा आहे, पुनर्हिमायन आहे, दवबिंदू आणि आर्द्रताही आहे. म्हणजे एसी समजायला लागणारे बहुतेक सुटे भाग आहेत. ते जोडले जात नाहीत. अप्रकट उष्मा ८० आणि ५४० कॅलरींच्या गणितात अडकतो. पुनर्हिमायन बर्फावर तार ठेवण्याच्या प्रयोगात संपते. दाब बदलला की बर्फाचा वितळणबिंदू बदलतो, तसा द्रवाचा उत्कलनबिंदूही बदलतो, आणि हा दुसरा बदल तर कितीतरी मोठा असतो. एवढे एक वाक्य जोडले की कॉम्प्रेसर आणि एक्स्पान्शन वॉल्व्ह कशासाठी ते उलगडते. दवबिंदूचा पाठ शिकलेल्या मुलाला एसी चालू असताना गाडीखाली ठिबकणारे पाणी पाहून ‘गॅस गळतोय’ असे वाटता कामा नये. ते केबिनच्या हवेतले बाष्प आहे. दमट हवेत एसीची बरीच शक्ती हे पाणी काढण्यातच खर्च होते, आणि म्हणूनच खाडीकाठी तो कमी थंड करतो असे वाटते.

प्रश्नपत्रिकेत ‘अप्रकट उष्मा म्हणजे काय?’ असे आपण विचारतो. त्याऐवजी असे विचारून पाहावे: पाण्याचा बाष्पनाचा अप्रकट उष्मा ५४० कॅलरी आणि आर-१३४ए चा शून्य अंशाला सुमारे ४७ कॅलरी, मग एसीत पाणीच का भरत नाहीत? तीन अंशांना पाणी उकळायला दाब पाऱ्याच्या सहा मिलिमीटरांहूनही खाली न्यावा लागतो, हे उत्तर ज्याला सापडेल त्याला पाठ समजला असे म्हणता येईल.

वर्गात करण्यासारखे

सुई काढलेली वीस मिलिलिटरची पिचकारी घ्यावी. तिच्यात पाच मिलिलिटर गरम, साधारण ७० अंशांचे पाणी ओढावे. हवा बाहेर काढून तोंड बोटाने बंद करावे. बोटाला चटका बसू नये म्हणून रबरी टोपी लावली तर उत्तम. दट्ट्या मागे ओढला की पाणी उकळताना दिसते. दट्ट्या सोडला की उकळणे थांबते. आता पाच मिलिलिटरऐवजी दोनच मिलिलिटर घेऊन तोच प्रयोग करावा. पाणी कमी केले तरी त्याच तापमानाला ते तसेच उकळते. दाबावरून पाणी किती आहे ते सांगता येईल का, असे मुलांना विचारावे.

दुसरे निरीक्षण दोन पारदर्शक लायटरांचे, एक भरलेला आणि एक अर्धा. हे लायटर शिक्षकांनी स्वतःच्या हातात ठेवावेत, तापवू नयेत. कोणत्यात दाब जास्त, असे विचारल्यावर बहुतेक हात भरलेल्या लायटरकडे वर जातील. त्या चुकीच्या उत्तरापासून पाठाला सुरुवात करावी. तिसरे काम घरचे आहे: सिलिंडरवरचे वजनाचे आकडे वहीत उतरवून आणणे आणि गाडी असलेल्या घरी बॉनेटखालच्या पट्टीवर प्रशीतकाचे नाव व ग्रॅम वाचणे. एसीचे तोंड मात्र कोणी उघडू नये.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक. पण गॅरेजवाले तरी कोठे तोलून भरतात? नळीला हात लावून, काट्याकडे पाहून भरणारे तेथेही असतात. हा आक्षेप खरा आहे, आणि वरची टीका त्यांनाही तशीच लागू पडते. स्वतःच्या हाताने गाडी दुरुस्त करण्याला आमचा विरोध नाही. ज्या देशात माणसे स्वतः पंक्चर काढतात, प्लग साफ करतात, तेथे ही वृत्ती जपली पाहिजे. चालकाने काय करावे आणि काय करू नये याची रेषा मात्र विज्ञानाने आखावी, डबा विकणाऱ्याने नव्हे.

आमच्या मते सूचनांचा नवा मसुदा असा असावा. कंडेन्सर पाण्याने हलक्या हाताने धुवा, पंखा फिरतो का पाहा, जाळी काढून झाडा, पट्टा आणि फ्यूज तपासा, कॉम्प्रेसरचा क्लच लागताना टक् आवाज येतो का ऐका. सांध्यांवर तेलकट डाग शोधा, कारण प्रशीतकाबरोबर तेलही बाहेर येते. त्या जागी साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा. हे सगळे घरी करता येते आणि त्याला डबा लागत नाही. गळती सापडली किंवा काहीच सापडले नाही, तर ज्याच्याकडे दोन काटे, निर्वात पंप आणि वजनाचा काटा आहे अशा ठिकाणी जा. तेथे एकच प्रश्न विचारा: “किती ग्रॅम भरणार?” ग्रॅममध्ये उत्तर मिळाले तर गाडी त्यांच्या हवाली करायला हरकत नाही.

हा प्रश्न विचारण्याइतके विज्ञान कोनच्या किंवा कोठल्याही शाळेतल्या मुलाने दहावी सोडताना बरोबर न्यावे. त्यासाठी अभ्यासक्रमात नवा पाठ घालण्याची गरज नाही. आहे त्या पाठातला एक तास पुरेल.